जुन्या ट्रकमधला रेडिओ बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या ट्रकचा रेडिओ बंद पडला किंवा फोन जोडता येईल असा हवा झाला, की पहिली धाव नवा रेडिओ आणण्याकडे असते. इथली उत्तरं त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाबद्दल आहेत. जुन्या ट्रकमध्ये नवा रेडिओ जळतो तो बहुतेक वेळा तीन कारणांनी: व्होल्टेज, अर्थिंग आणि स्पीकरच्या तारा. म्हणून या तिन्हींवर जास्त लिहिलं आहे.

आधी रेडिओ कोणता घ्यायचा ते ठरवू ना?

नाही, आधी मल्टिमीटर (व्होल्ट आणि ओहम मोजायचं छोटं मीटर) हातात घ्या. पुरवठा १२ व्होल्टचा आहे की २४, बॉडीला बॅटरीचं मायनस जोडलंय की प्लस, डॅशबोर्डमधली जागा किती रुंद, उंच आणि खोल आहे, आणि स्पीकरच्या दोन्ही तारा मोकळ्या आहेत की एक बॉडीला बांधलेली आहे, हे सगळं कागदावर लिहून काढा. हा कागद हाती असला की निम्मे रेडिओ आपोआप बाद होतात.

ट्रक २४ व्होल्टचा आहे हे कसं ओळखायचं? दोन बॅटऱ्या आहेत, म्हणजे २४ च ना?

बॅटऱ्यांच्या संख्येवरून ठरवू नका. उत्तर अमेरिकेत बनलेल्या अवजड ट्रकमध्ये तीन-चार बॅटऱ्या असतात, पण त्या समांतर जोडलेल्या, म्हणजे एकूण १२ व्होल्टच. युरोप, जपान आणि भारतात बनलेल्या अवजड ट्रकमध्ये मात्र १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ केलेले असतात. हलक्या ट्रकमध्ये दोन्ही प्रकार सापडतात.

रेडिओच्या जागी येणाऱ्या वायरवरच मोजा. इंजिन बंद असताना साधारण १२.६ दिसले तर १२ व्होल्टची गाडी. २५ च्या आसपास दिसले तर २४ ची. मग इंजिन चालू करून पुन्हा मोजा. १२ च्या गाडीत १३.८ ते १४.४ आणि २४ च्या गाडीत २७.५ ते २८.५ यायला हवेत. याहून बरेच जास्त येत असतील तर आधी अल्टरनेटरचा रेग्युलेटर दाखवून घ्या. जुन्या रेडिओनं ते सहन केलं असेल, नवा करेलच असं नाही.

दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट घेतले तर? सगळे तसंच करतात.

करतात, आणि वर्षभरात बॅटरी खराब निघाली म्हणून बॅटरीलाच दोष देतात. असं अजिबात करू नका.

आत काय होतं ते बघा. सिरीजमधल्या दोन्ही बॅटऱ्यांमधून चार्जिंगचा एकच करंट वाहतो. रेडिओ मात्र फक्त खालच्या, म्हणजे जिचं मायनस बॉडीला आहे त्या बॅटरीतून वीज खातो. ती रोज थोडी जास्त उतरते. अल्टरनेटरला दोघींची बेरीज तेवढी दिसते. २८ व्होल्ट भरले की तो थांबतो. ते २८ नेमके १४ आणि १४ असे वाटले गेलेत की १५ आणि १३ असे, हे त्याला कळत नाही. खालची कायम अर्धपोटी राहते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. वरची कायम जास्त चार्ज होते, तिचं पाणी आटतं. शेवटी दोन्ही जातात, आणि थंडीत एका सकाळी स्टार्टर फिरत नाही.

‘मी फक्त मेमरीची वायर (रेडिओ बंद असतानाही स्टेशनं आणि घड्याळ जपणारी) तिथून घेतली आहे, तिला किती करंट लागतो!’ असंही ऐकू येतं. लागतो थोडाच, पण तो चोवीस तास लागतो. ती वायरसुद्धा तिथून घेऊ नका.

मग २४ चे १२ कसे करायचे?

पहिला पर्याय म्हणजे थेट २४ व्होल्टवर चालणारा, ट्रकसाठीच बनवलेला रेडिओ. मिळत असेल तर तोच घ्या. मधला एक डबा आणि त्याच्याबरोबरची सगळी डोकेदुखी वाचते.

दुसरा पर्याय कन्व्हर्टर. त्याचे दोन प्रकार येतात. साधा लिनियर कन्व्हर्टर जादाचं व्होल्टेज उष्णता करून टाकतो. २८ चे १४ करताना ५ अँपिअर वाहत असतील तर ७० वॉट नुसती उष्णता होते, म्हणजे हात लावता येणार नाही इतका तो तापतो. स्विचिंग प्रकारचा थंड राहतो, पण हलक्या दर्जाचा असेल तर रेडिओत, त्यातही मिडियम वेव्हवर, खरखर आणतो. तरीही घ्यावा स्विचिंगच, फक्त चांगल्या फिल्टरचा. शिवाय आउटपुटला जादा व्होल्टेजपासून संरक्षण आहे ना, हे विचारून घ्या. आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर संरक्षण नसलेला कन्व्हर्टर सगळे २८ व्होल्ट रेडिओत सोडतो.

किती अँपिअरचा? रेडिओच्या मागच्या फ्यूजवरचा आकडा बघा. बहुतेकांवर १० किंवा १५ असतो. तेवढा करंट सलग देऊ शकेल असा कन्व्हर्टर घ्या. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा अनेकदा क्षणभरासाठीचा असतो, सलगचा बारीक अक्षरात असतो. तो पत्र्यावर घट्ट बसवा. गादीखाली किंवा कापडात गुंडाळून ठेवू नका.

रेझिस्टर लावून व्होल्टेज पाडायचा उपाय मात्र विसरा. रेडिओचा करंट आवाजाबरोबर कमी-जास्त होतो, आणि त्याबरोबर रेझिस्टरवर पडणारं व्होल्टेजही. आवाज कमी केला की रेडिओला जवळपास पूर्ण २४ मिळतात.

कन्व्हर्टर लावूनही नवा रेडिओ जळला. का?

पहिला संशय नारिंगी वायरवर. ती डॅशबोर्डच्या दिव्यांना जोडायची असते, म्हणजे हेडलाइट लावले की रेडिओचा उजेड मंद होतो. २४ च्या ट्रकमध्ये त्या दिव्यांना २४ व्होल्ट असतात. मुख्य पुरवठा नीट १२ वर आणला आणि ही एक बारीक वायर थेट जोडली, की काम संपलं. चावीवरून येणारी वायर आणि रिव्हर्स दिव्यावरून कॅमेऱ्यासाठी घेतलेली वायर यांचंही तेच. रेडिओत शिरणारी प्रत्येक तार आधी मोजा. नारिंगी वायर टोक बंद करून मोकळी सोडली तरी रेडिओ चालतो.

ट्रक फारच जुना आहे. ६ व्होल्टचा किंवा प्लस अर्थचा असेल तर?

१९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टच्या गाड्या सर्रास होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये बॅटरीचं प्लस बॉडीला जोडलेलं असे. आजच्या रेडिओची लोखंडी पेटीच मायनस असते. ती प्लस अर्थच्या बॉडीला टेकली आणि पुरवठ्याची वायर जोडली की थेट शॉर्ट.

अशा ट्रकसाठी इनपुट आणि आउटपुट एकमेकांपासून पूर्ण अलग असलेला कन्व्हर्टर लागतो. तो नसेल तर रेडिओची पेटी, एरियलचं आवरण आणि स्पीकर हे सगळं बॉडीपासून इन्सुलेट करावं लागतं. हलणाऱ्या ट्रकमध्ये ते टिकवणं कठीण, कारण एक स्क्रू घासला तरी पुरे. गाडीची सगळी वायरिंग बदलून मायनस अर्थ करणं हा मोठा विषय आहे. केवळ रेडिओसाठी त्यात पडू नये. अशा ट्रकसाठी फोनला जोडायचा, स्वतःची बॅटरी असलेला छोटा स्पीकर हाही सरळ मार्ग आहे.

नवा रेडिओ त्या जागेत बसेल का?

आजच्या साध्या रेडिओचं तोंड १८० × ५० मि.मी. असतं आणि त्यासाठी सुमारे १८२ × ५३ मि.मी.ची खाच लागते. याला सिंगल डिन म्हणतात. दुप्पट उंचीचा तो डबल डिन. १९८० च्या दशकानंतरच्या बऱ्याच ट्रकमध्ये सिंगल डिनची खाच तयार असते. त्याआधीच्या ट्रकमध्ये दोन्ही टोकांना दांडे आणि त्यांवर बटणं, मधे अरुंद काच, असा दोन दांड्यांचा रेडिओ असतो.

दांड्यांच्या जागी डिन बसवायला लोक करवत घेतात. कृपया घेऊ नका. जुन्या ट्रकचा मूळ डॅशबोर्ड एकदा कापला की परत मिळत नाही, आणि मिळालाच तर दुसरा कुठला तरी ट्रक मोडल्यावरच. डॅशखाली लटकवायची पेटी, डोक्यावरचा कप्पा, सीटमागची जागा, काहीही चालेल. दोन दांड्यांचे, आत सगळं नवं असलेले रेडिओही बनतात. दांड्यांमधलं अंतर मोजून घेतलं तर ते मूळ भोकांत बसतात.

रुंदी-उंची सगळे मोजतात, खोली मोजायची राहते. रेडिओमागे प्लग आणि एरियलची वायर वळायला किमान तीन-चार सें.मी. जागा हवी. तिथे वायपरची लिंक किंवा हीटरची नळी असेल तर सीडी नसलेला, आखूड पेटीचा रेडिओ घ्या.

जुना रेडिओ काढायचा कसा?

बॅटरीची बॉडीला जोडलेली केबल आधी सोडा. पाना चुकून बॉडीला टेकला तरी मग ठिणगी पडत नाही. डिन रेडिओ असेल तर कडेच्या भोकांत दोन्ही बाजूंनी काढायच्या पट्ट्या खुट् आवाज येईपर्यंत घाला आणि सरळ ओढा; पेचकसानं उचकटलं तर चौकट वाकते. दांड्यांच्या रेडिओत बटणं समोर ओढली की निघतात, त्यामागे नट असतात. ते काढले तरी रेडिओ हलत नाही, कारण मागून एका लोखंडी पट्टीनं तो आवळलेला असतो. तो बोल्ट सहसा खालून, आडवं पडून काढावा लागतो.

ती पट्टी फेकू नका. ट्रकचे हादरे कारपेक्षा फार जास्त असतात, आणि नुसत्या पुढच्या चौकटीवर तोललेला रेडिओ काही महिन्यांत स्वतःचे प्लग सैल करून घेतो. नव्यालाही मागून आधार द्याच.

जुन्या वायरी कापण्यापूर्वी फोटो काढा आणि प्रत्येकीला चिकटपट्टीचं लेबल लावा.

कोणती वायर कशाची?

नव्या रेडिओच्या बाजूला बहुतेक उत्पादक एकच पद्धत पाळतात. पिवळी कायम पुरवठ्याची, लाल चावीवरची, काळी अर्थची. निळी एरियलच्या मोटरसाठी, निळी-पांढरी अँप्लिफायर चालू करायला, नारिंगी दिव्यांसाठी. स्पीकरच्या जोड्यांत पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. त्याच रंगावर काळी रेघ असली की ती मायनस.

ट्रकच्या बाजूच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. इतक्या वर्षांत कुणी कुणी काय जोडलंय सांगता येत नाही. शिवाय मूळ रेडिओला अनेकदा एकच पुरवठ्याची वायर असे आणि अर्थ पेटीतूनच मिळे. मेमरी हा प्रकारच नव्हता. म्हणजे पिवळ्या वायरसाठी बॅटरीपासून नवी लाइन ओढावी लागेल. ती १.५ चौ. मि.मी.ची किंवा जाड घ्या, आणि फ्यूज बॅटरीजवळ लावा, रेडिओजवळ नव्हे. फ्यूज वायरसाठी असतो. मधे कुठे पत्र्यावर घासून ती उघडी पडली तर आग लागण्याआधी त्यानं उडायला हवं.

चावी काढली की स्टेशनं आणि घड्याळ पुसलं जातं.

पिवळी आणि लाल उलट लागली आहेत. काही युरोपीय गाड्यांच्या प्लगमध्ये या दोन जागा मुळातच अदलाबदल केलेल्या असतात, म्हणून तयार अडॅप्टर लावूनही असं होतं. दोन्हींची अदलाबदल करा. ट्रकला बॅटरीचा मास्टर स्विच असेल आणि तुम्ही रोज तो बंद करत असाल, तर मेमरी जाणारच. तिथे पुरवठा तुटल्यावरही स्टेशनं लक्षात ठेवणारा आणि सुरक्षा कोड न मागणारा रेडिओ घ्या.

मूळ स्पीकर चांगला वाजतोय. तोच ठेवू का?

ठेवता येईल, पण तारा तपासल्याशिवाय नाही.

जुन्या रेडिओत स्पीकरची एक तार रेडिओतून यायची आणि दुसरी जवळच्या स्क्रूला, म्हणजे बॉडीला बांधलेली असायची. तेव्हा ते बरोबर होतं. आजच्या रेडिओत प्रत्येक स्पीकरला दोन्ही तारा अँप्लिफायरमधून येतात, आणि त्या दोन्हींवर बॉडीच्या तुलनेत कायम सुमारे सहा-सात व्होल्ट असतात. त्यातली एक बॉडीला लावली म्हणजे अँप्लिफायरचं तोंडच अर्थला बांधलं. चांगला रेडिओ संरक्षण म्हणून गप्प बसतो, साधा जळतो. दोन स्पीकरांचं मायनस एकत्र करून एकच तार मागे आणलेली असेल, तर तेही चालत नाही.

तपासणी सोपी आहे. रेडिओचा प्लग काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवा. एक टोक स्पीकरच्या तारेला, दुसरं बॉडीच्या उघड्या लोखंडाला. दोन्ही तारांवर काहीच वाचन येऊ नये. आलं, तर ती तार कुठेतरी बॉडीला आहे. मग शोधत बसण्यापेक्षा स्पीकरपर्यंत दोन नव्या तारा ओढा. वेळ कमी लागतो.

त्यानंतर १.५ व्होल्टचा साधा सेल घेऊन स्पीकरच्या दोन तारांना क्षणभर टेकवा. स्पीकर ‘टक्’ असा वाजेल आणि कोन हलेल. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस ज्या तारेला आहे ती स्पीकरची प्लस. दोन स्पीकर उलटसुलट जोडले गेले की आवाज पोकळ येतो आणि खर्ज नाहीसा होतो. या एका टिचकीत तो घोळ टळतो.

स्पीकरचा रोध ४ ओहमपेक्षा कमी नको. जुने ८ किंवा १० ओहमचे असतील तर आवाज थोडा कमी येईल, नुकसान काही नाही. मल्टिमीटरवर ४ ओहमचा स्पीकर साडेतीनच्या आसपास दिसतो, ते ठीक आहे.

डॅशमध्ये एकच स्पीकर आहे. डावा आणि उजवा दोन्ही त्यालाच जोडू?

नका जोडू, दोन अँप्लिफायर एकमेकांत वीज ढकलतील. एकाच चौकटीत दोन स्वतंत्र कॉइल असलेले स्पीकर मिळतात. एका कॉइलला डावा, दुसऱ्याला उजवा. बाहेरून काही बदललेलं दिसत नाही आणि गाण्याची एक बाजूही हरवत नाही.

रेडिओवर ‘४ × ५० वॉट’ लिहिलंय. एवढी शक्ती जुन्या स्पीकरला झेपेल?

तो आकडा क्षणिक शिखराचा असतो. प्रत्यक्षात सलग मिळतात सुमारे वीस वॉट. तरी जुना कागदी कोन पाच-सहा वॉटसाठीच बनलेला असू शकतो, म्हणून आवाज फाटायला लागला की तिथेच थांबा.

जुनं एरियल चालेल का?

मल्टिमीटर पुन्हा काढा. प्लगच्या मधल्या टोकापासून एरियलच्या काडीपर्यंत जवळपास शून्य ओहम यायला हवेत. मधल्या टोकापासून बाहेरच्या कड्यापर्यंत काहीच नाही. दुसऱ्या तपासणीत वाचन आलं तर बुडाशी पाणी आणि गंज शिरलाय. बाहेरच्या कड्यापासून बॉडीपर्यंतही शून्य हवं. बुडाखालचा रंग आणि गंज घासून काढला की अनेकदा एवढ्यानंच रेडिओ खणखणीत बोलू लागतो.

काडी साधारण ७५ सें.मी. उघडी ठेवा. एफएमच्या लहरीचा तो पाव भाग आहे. केबिनचं छत फायबरचं असेल तर साधं एरियल नीट चालत नाही, कारण त्याला खाली लोखंडी पत्रा लागतो. ते आरशाच्या लोखंडी दांड्याला बसवा किंवा पत्रा न लागणारा प्रकार घ्या. एरियलची केबल कापून, पिळून, टेप लावून लांब करू नका. तयार जोडकेबल वापरा.

एरियल ठीक आहे, पण स्टेशनंच लागत नाहीत.

रेडिओ कोणत्या प्रदेशासाठी आहे ते बघा. जपानमध्ये एफएमचा पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि तिथले जुने रेडिओ ९० लाच संपतात. बाकी बहुतेक जगात एफएम ८७.५ ते १०८ मध्ये आहे. जपानमधून वापरलेला ट्रक आला असेल तर रेडिओ बिघडलेला नसतो, त्याला तुमची स्टेशनं ऐकूच येत नाहीत. मिडियम वेव्हवर अमेरिका खंडांत स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतरानं असतात, इतरत्र ९ च्या. रेडिओच्या सेटिंगमध्ये प्रदेश बदलता येतो का पाहा.

आणि घेण्यापूर्वी तुमच्या देशात पुढे काय ऐकू येणार आहे तेही बघा. नॉर्वेनं २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम प्रसारण थांबवून त्या डिजिटलवर नेल्या. अशा ठिकाणी डॅब, म्हणजे डिजिटल प्रसारण पकडण्याची सोय, नसलेला रेडिओ घेण्यात अर्थ नाही.

अॅक्सिलरेटर दाबला की रेडिओतून शिट्टीसारखा आवाज चढतो.

हा अल्टरनेटरचा आवाज आहे, आणि तो बहुधा खराब अर्थमधून येतो. रेडिओची काळी वायर रंगलेल्या पत्र्यावर स्क्रूनं आवळलेली असेल तर पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर लावा. केबिन आणि चेसिस यांच्यामध्ये रबर असतं. त्यांना जोडणारी अर्थची पट्टी तुटली असेल तर रेडिओच काय, काटेही भलतं दाखवतात. ती जरूर तपासा. एवढं करूनही आवाज राहिला तरच पुरवठ्यावर फिल्टर लावा.

एरियल काढल्यावर आवाज थांबत असेल तर तो हवेतून येतोय. कन्व्हर्टर रेडिओपासून आणि एरियलच्या केबलपासून दूर न्या. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतात, त्यामुळे तिकडून टिकटिक येण्याचा प्रश्न नाही. नव्यानं लावलेले स्वस्त एलईडी दिवे मात्र एक-एक करून बंद करून बघा.

रेडिओ लावल्यापासून ट्रक आठवडाभर उभा राहिला की बॅटरी उतरते.

बंद रेडिओ मेमरीसाठी काही मिलिअँपिअरच घेतो. जास्त खातो तो कायम जोडलेला कन्व्हर्टर, स्वतः चालू राहण्यासाठी. चावीनं चालू-बंद होणारा मोठा आउटपुट आणि मेमरीसाठी वेगळा छोटा आउटपुट असलेला कन्व्हर्टर मिळतो, तो वापरा. आणि निळी-पांढरी वायर चुकून कायम पुरवठ्याला लागलेली नाही ना, बघा. तशी लागली असेल तर अँप्लिफायर रात्रभर चालू राहतो.

मूळ रेडिओ दिसायला तसाच ठेवायचा आहे.

ठेवा, मला हा निर्णय मनापासून आवडतो. सगळ्यात सोपं म्हणजे फोनवरून चालणारा छोटा अँप्लिफायर सीटमागे लपवून स्पीकर त्याला जोडायचा. जुनी काच आणि बटणं जागच्या जागी राहतात. दुसरा मार्ग, जुन्या पेटीत नवं सर्किट बसवून घेणं. मूळ बटणंच आवाज आणि स्टेशन बदलतात, पण एकदा आतलं काढलं की मूळ यंत्र गेलं. चालू होण्यासारखं असेल तर ते दुरुस्तच करून घ्या.

रेडिओ व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा असेल तर जपून. गाडीतला पहिला पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ १९५५ मध्ये आला. त्याआधीच्यांत व्हायब्रेटर नावाचा भाग बॅटरीचा करंट सेकंदाला शंभरएक वेळा तोडून, ट्रान्सफॉर्मरमधून दोनशेच्या वर व्होल्ट तयार करतो. सुरू केल्यावर येणारी गुणगुण त्याचीच. ते व्होल्टेज जिवावर बेतू शकतं. वर्षानुवर्षं बंद असलेला असा रेडिओ कपॅसिटर तपासल्याशिवाय चालू करू नका.

वायरींचे जोड पिळून टेप लावली तर?

उन्हात टेपचा डिंक वितळतो आणि हादऱ्यांनी पीळ सुटतो. योग्य मापाचा लग (वायरच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) क्रिम्पिंगच्या पकडीनं दाबा, वर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा, आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, दर वीतभर अंतरावर बांधा. चालू वायरवर नुसती चिमटायची क्लिप लावू नका. ती वायरचे अर्धे तंतू कापते.

रेडिओशेजारीच टॅकोग्राफ आहे.

टॅकोग्राफ म्हणजे ट्रकचा वेग आणि चालवण्याचे तास नोंदवणारं यंत्र. त्याच्या वायरींना हात लावू नका. आजचे टॅकोग्राफ रेडिओच्याच मापाच्या खाचेत बसतात, त्यामुळे प्लग शेजारी-शेजारी लोंबतात. जिथे टॅकोग्राफ सक्तीचा आहे तिथे त्याचं सील तुटणं हा गुन्हा ठरतो. डॅशखाली पिवळ्या आवरणाचे प्लग दिसले तर ते एअरबॅगचे असू शकतात, त्यांनाही तसंच सोडा.

सगळं जोडलं, पण रेडिओ चालूच होत नाही.

रेडिओच्या प्लगपाशी, प्लग जोडलेला असतानाच मोजा: पिवळी आणि काळी यांच्यात १२ ते १४, चावी फिरवल्यावर लाल आणि काळी यांच्यात तेवढेच. पिवळीवर आहेत आणि लालवर नाहीत, तर चावीची लाइन चुकीची निवडली आहे. दोन्हीवर आहेत पण रेडिओ मेलेला, तर त्याच्या पाठीवरचा फ्यूज बघा. रेडिओ सुरू होतो पण मुका राहतो, तर चारही स्पीकरांच्या जोड्या सोडून एकेक परत जोडा. जी जोडताच आवाज बंद होतो तीच तार बॉडीला टेकलेली आहे. मोकळ्या प्लगवर व्होल्ट बरोबर येतात आणि जोडल्यावर आठ-नऊवर घसरतात, तर कुठेतरी जोड गंजलाय: काळ्या वायरचा स्क्रू आधी, मग फ्यूजची खाच, मग बॅटरीवरचा लग.